‘करून राहिलो’ची सुनावणी

देवमनला विद्यापीठाने नापास केले ते पदार्थविज्ञानात नव्हे, मराठीत. आणि मराठी हा विषय त्याने बी.एस्सी.ला घेतलेलाच नव्हता.

घडले ते असे. अमरावतीच्या त्याच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती आणि देवमनच्या वाट्याला लोलक आला होता. लोलकाचा प्रयोग दिसायला गरीब. लोखंडी दांडा टांगायचा, हलवायचा आणि झोके मोजत उभे राहायचे. पण मोजणाऱ्याने मध्ये बोलायचे नसते. बोलला की आकडा गेला, आणि आकडा गेला की पुन्हा पहिल्यापासून. असे मोजणे ऐन रंगात आले असताना बाहेरचे परीक्षक त्याच्या टेबलापाशी आले. प्रोफेसर वामनराव बोडस. पुण्याचे. विद्यापीठात नुकतेच रुजू झालेले आणि वऱ्हाडात आदल्या संध्याकाळी पहिल्यांदाच उतरलेले. त्यांनी मृदू आवाजात विचारले, “काय, झाला का प्रयोग?”

दांड्यावरची नजर न काढता, दोन झोक्यांच्या फटीत बसतील तेवढेच शब्द बसवून देवमन म्हणाला, “करून राहिलो, सर.”

“वा! इतक्यात?” असे म्हणून बोडसांनी त्याची उत्तरपत्रिका उचलली आणि गठ्ठ्यात ठेवली.

आता अमरावतीत ‘करून राहिलो’ म्हणजे ‘करतो आहे’ हे म्हशीलाही कळते. पण बोडसांच्या कानांना वाटले, या मुलाने प्रयोग करून टाकला, आणि करून झाल्यावर तो नुसताच राहिला आहे. हौस म्हणून दांडा हलवतो आहे. पत्रिका गेल्याचे देवमनला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले. त्या क्षणी कोणीही शहाणा माणूस ओरडला असता. देवमनने आधी उरलेले झोके पूर्ण मोजले. मोजणी अर्धवट सोडणे त्याच्या तत्त्वात बसत नव्हते. मग घड्याळ थांबवून, अतिशय अचूक आकडा लिहिण्यासाठी तो वळला, तेव्हा आकडा लिहायला कागदच नव्हता.

“सर, माझं चालू होतं!”

“अहो, तुम्हीच म्हणालात ना, करून राहिलो?”

“म्हणून तं सांगून राहिलो, का करून राहिलो म्हणून!”

बोडस क्षणभर विचारात पडले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थंड पाणी प्यायला सांगितले. कॉलेजचे स्वतःचे परीक्षक त्या वेळी चहाला गेले होते. मराठीतून मराठीत भाषांतर करू शकणारा तेवढाच एक माणूस त्या खोलीत असायला हवा होता.

जूनमध्ये निकाल लागला. लेखी विषयांत देवमनला पहिला वर्ग, प्रात्यक्षिकात नापास, म्हणून सगळ्यात नापास. विद्यापीठाला त्याने विचारणा केली, तेव्हा उत्तर आले की ‘उमेदवाराने प्रयोग पूर्ण झाल्याचे स्वमुखे सांगितले, निरीक्षण मात्र एकच.’ ‘स्वमुखे’ हा शब्द देवमनला विशेष लागला. जणू एरवी तो दुसऱ्याच्या मुखाने बोलत असे.

नुसते नापास होणे असते तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता आले असते. पण तिवस्याच्या हायस्कुलात विज्ञानमास्तरची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती, आणि तीही दसऱ्यापर्यंतच. त्यानंतर हेडमास्तरांचा साळा तयारच होता. तो पास होऊन घरी बसला होता. देवमनचे वडील डोमाजी बांधकाम खात्यात कारकून. पोरगा मास्तर होणार हे त्यांनी एकूण एक टेबलाला सांगून ठेवले होते, त्यामुळे आता ते कचेरीत मागच्या दाराने जात. साहेब मात्र नेमके मागच्याच दाराशी विडी ओढत उभे असत. “काय डोमाजी, पोरगा रुजू झाला का?” असे त्यांनी विचारले की डोमाजी म्हणत, “होऊन राहिला, साहेब.” साहेब मराठवाड्याचे. त्यांनी एक दिवस पेढे मागितले.

आळीत सल्ला फुकट होता आणि भरपूर होता. समोरच्या चतुराबाईंचे मत सरळ होते. “त्या मास्तराच्या घरी जाय अन् त्याच्या बायकोले सांग. प्रोफेसर असो का कलेक्टर, मानूस तिथंच ऐकते.” पंचफुला, म्हणजे देवमनची आई, म्हणाली, “पुन्याची बायको हाय माय ती. तिले तरी याचं बोलनं समजन का?” यावर चतुराबाई सल्ला अर्धाच टाकून घरात गेल्या. असे आळीच्या आठवणीत प्रथमच घडले.

खरा मार्ग सापडला तो शेजारच्या किसनरावांना. किसनराव कोर्टाबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत, त्यामुळे सरकार कुठे कुठे कोणाकोणाला नेमते यावर त्यांचे बारीक लक्ष असे. आदल्या वर्षी विद्यार्थ्यांनी फार आरडाओरडा केल्यामुळे विद्यापीठाने एक त्रयस्थ नेमला होता. कोणाही विद्यार्थ्याची विद्यापीठाविरुद्ध तक्रार असेल तर ती या त्रयस्थाने ऐकायची, आणि त्याचा निवाडा विद्यापीठाने मानायचा. त्रयस्थाचा विद्यापीठाशी काडीचाही संबंध नसावा अशी अट होती. असा मनुष्य शोधत विद्यापीठाला अकोल्यापर्यंत जावे लागले. तिथे केशवराव नावाचे निवृत्त जिल्हा न्यायाधीश पेरूच्या झाडांना पाणी घालत बसले होते.

“अर्ज इंग्रजीत पायजे,” किसनराव म्हणाले. “मराठी अर्ज वाचला का साहेबाले वाटते, मानूस गरीब हाय. इंग्रजी वाचला का वाटते, याच्या मांगं वकील हाय.”

अर्ज मोठा देखणा झाला; तिवस्याची जागा आणि दसऱ्याची मुदतही त्यात आली. अडचण आली ती फक्त तिसऱ्या परिच्छेदात, जिथे देवमनने परीक्षकाला दिलेले उत्तर घालायचे होते. देवमनचे म्हणणे, ‘आय वॉज डूइंग’ लिहा. किसनरावांनी टाक खाली ठेवला.

“तू ‘करत होतो’ म्हटलं होतं का?”

“नाही काकाजी. ‘करून राहिलो’ म्हटलं.”

“मंग जो शब्द तोच पायजे. उद्या तू शपथेवर उभा राहशीन अन् अर्जात येक, तोंडात येक? ‘करून’ म्हंजे हॅविंग डन. ‘राहिलो’ म्हंजे रिमेन्ड.” आणि त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले: आय हॅविंग डन, रिमेन्ड.

किसनरावांचा प्रामाणिकपणा हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात घातक घटक होता. आठवड्यात अकोल्याहून उत्तर आले. ‘अर्जदाराने तिसऱ्या परिच्छेदात विद्यापीठाचे म्हणणे मान्य केलेले दिसते. तथापि अर्जदारास सदर शब्दांचा काही निराळा अर्थ अभिप्रेत असल्यास तो पुराव्यानिशी सिद्ध करण्यास्तव समक्ष हजर राहावे.’ ‘तथापि’च्या पुढचे सगळे घाईघाईने लिहिल्यासारखे वाटत होते. देवमनला नंतर कळले की त्रयस्थाकडे आलेली ही पहिलीच तक्रार होती, आणि ती पोस्टातच मरू द्यायची केशवरावांची तयारी नव्हती.

पुरावा कुठून आणायचा? वाचनालयातला शब्दकोश देवमनने चाळला. त्यात ‘राहणे’चे पुष्कळ अर्थ होते: वसणे, थांबणे, उरणे, गर्भ राहणे. वऱ्हाड त्यात कुठे राहिलेच नव्हते. कोश छापला कुठे ते त्याने मागे पाहिले आणि पुस्तक मिटले.

तेव्हा त्याने विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभेल असे केले. सर्वेक्षण केले. कागदावर रकाने आखून तो मोटारस्टँडवर उभा राहिला. काही काम करत असलेला मनुष्य दिसला की त्याला ‘काय करता?’ असे विचारायचे, उत्तर शब्दशः टिपायचे, आणि ते देताना काम चालू होते की संपले होते याची पुढे नोंद करायची. न्हाव्याने उत्तर दिले, “आंधळा हायस का? दाढी करून राहिलो.” (काम चालू. गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर साबण.) भजीवाला म्हणाला, “तळून राहिलो. घ्याचे असन तं घे, नाही तं सावली सोड.” (काम चालू. भजी कच्ची.) एका म्हाताऱ्याने मात्र “तुले काय करायचं हाय?” असा उलट प्रश्न केला, ते निरीक्षण देवमनने अनिर्णित म्हणून वेगळे ठेवले. शेवटी एक पोलीस आला. सगळे रकाने त्याने वाचले, देवमनची कॉलर धरली आणि विचारले, “काय करून राहिला बे तू इथं?”

कॉलर पोलिसाच्या मुठीत असतानाच देवमनने हेही टिपून घेतले. स्वतः शासनाने वापरलेला प्रयोग होता तो. इतका भक्कम पुरावा दुसरा मिळणे कठीण.

सुनावणीच्या दिवशी डोमाजींनी कोट इस्त्री करून दिला. स्टेशनवर सोडताना ते एवढेच म्हणाले, “साहेबाच्या घरी पानी देलं तं घेजो. नाही देलं तं मांगजो नको. नळ स्टेशनावर हाय.” ज्या गोष्टी डोमाजी मोठ्या आवाजात बोलत नसत, त्यांतली ही एक. देवमनने मान हलवली आणि अकोल्याची गाडी धरली.

केशवरावांनी ओसरीवर कोर्ट मांडले होते. टेबल, टेबलावर हिरवे कापड, समोर दोन बाजूंना दोन खुर्च्या. एका खुर्चीत प्रोफेसर बोडस आधीच येऊन बसले होते. विद्यापीठाने बाजू मांडायला त्यांनाच पाठवले होते. सकाळी निघून ते उपाशीच आले होते, आणि आतून फोडणीचा वास येऊ लागल्यापासून त्यांचे लक्ष मधूनमधून ढळत होते.

देवमनने सर्वेक्षण पुढे केले. केशवरावांनी ते शेवटपर्यंत वाचले, पोलिसाच्या ठिकाणी त्यांच्या मिशा किंचित हलल्या, आणि त्यांनी कागद परत केला.

“ही ऐकीव माहिती झाली. न्हावी हजर आहे?”

“नाही, साहेब.”

“भजीवाला?”

“नाही.”

“मग ग्राह्य नाही.”

“पण साहेब,” देवमन कळवळून म्हणाला, “तुमी तं इथलेच हा! तुमाले तं माहीतच हाय न, करून राहिलो म्हंजे काय ते!”

केशवराव खुर्चीत ताठ झाले. “माझा जन्म मूर्तिजापूरचा. मला काय माहीत आहे ते मला चांगलं माहीत आहे. पण न्यायाधीशाला स्वतःच्या माहितीवर निवाडा देता येत नाही. माझ्यासमोर पुरावा आला पाहिजे. पुरावा येईपर्यंत मला वऱ्हाडी येत नाही.”

त्यानंतर बोडस उठले. त्यांनी व्याकरण मांडले आणि, खोटे कशाला बोला, फार सुंदर मांडले. “जेवून गेलो, लिहून आलो, निजून उठलो. ‘ऊन’ लागला की ती क्रिया संपली. ती संपल्याशिवाय पुढची सुरूच होत नाही. तेव्हा ‘करून’ म्हणजे करणं संपलं. मग काय झालं? तर उमेदवार राहिला.” देवमनने मनातल्या मनात या युक्तिवादात भोक शोधले आणि त्याला ते सापडेना. तर्कशास्त्राच्या दृष्टीने आपण खरोखरच नापास आहोत असे त्याला वाटू लागले. तिवस्याच्या वर्गात फळ्यापाशी उभा असलेला हेडमास्तरांचा साळा त्याच्या डोळ्यांसमोर आला.

केशवरावांनी चष्मा पुसला. चेहऱ्यावरून तेही दुःखी दिसत होते. “जेवणाची सुट्टी,” ते म्हणाले आणि आत वळून त्यांनी हाक मारली, “अवो, झाला का स्वैपाक?”

आतून त्यांच्या पत्नीचा, पार्वताबाईंचा, खणखणीत आवाज आला. “करून राहिली न!”

देवमनने तोंड उघडले. केशवरावांनी तर्जनी ओठांवर ठेवून ते बंद केले. आणि प्रोफेसर बोडस “चला!” असे म्हणत उठले, अंगणात गेले, त्यांनी हातपाय धुतले, टोपी खुंटीला लावली आणि ते थेट आतल्या खोलीत जाऊन पाटावर बसले.

ओसरीवर दोघेच उरले. केशवरावांनी हळूच टाक उचलला, दौतीत बुडवला आणि तो कागदावर तसाच अधांतरी धरला. आतून भाकरी थापण्याचा आवाज येऊ लागला. मग भांडे पडले. मग बोडस खाकरले. पुन्हा बराच वेळ भाकरी. अखेर बोडसांचा अत्यंत सभ्य आवाज आला, “वहिनी, मग करायची का सुरुवात?”

“कायची सुरुवात, पावणे? पयली भाकर तव्यावर हाय, वांग्याले आधन नाही आलं. तुमी येऊन बसले काहून?”

“आपणच म्हणालात ना, स्वयंपाक करून...”

“करून राहिली म्हटलं! झाला कुठं म्हटलं? आता काय कच्ची वांगी वाढू तुमाले?”

केशवरावांचा टाक कागदावर उतरला आणि सरसर चालू लागला. बोडस बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातांवरचे पाणी अजून वाळायचे होते. त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिले, देवमनकडे पाहिले, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले.

“विद्यापीठाच्या प्रतिनिधीने,” केशवराव लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, “सदर शब्दांचा जो अर्थ घेतला त्याप्रमाणे कृती केली, आणि तीमुळे तो उपाशी राहिला. साक्ष त्रयस्थासमक्ष नोंदली. बसा प्रोफेसर. इथे तुम्ही वांगी शिजायला अवधी द्यालच ना? या मुलाला तो मिळाला नाही.”

बोडस बसले. त्यांनी रुमालाने हात पुसले. मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही त्या वेळी मोजत होतात?”

“हो, सर.”

“आणि मी पत्रिका नेल्यावर?”

“मोजणं पूर्ण केलं, सर.”

“अरेरे,” बोडस म्हणाले. असे मनापासूनचे अरेरे देवमनने विद्यापीठाकडून आजवर ऐकले नव्हते.

स्वयंपाक झाला तेव्हा पार्वताबाईंनी स्वतः बाहेर येऊन “झाला” असे स्पष्ट सांगितले. तेवढी काळजी त्यांनी घेतली. आत तीन पाट एका ओळीत होते, आणि तिन्हींमधले अंतर सारखे होते. देवमनने ते नजरेने मोजले, सवयच ती. पार्वताबाईंनी विचारले, “बापू, तिखट चालते न तुले?” आणि बोडसांना काहीच न विचारता वाढले. त्याचा परिणाम बोडसांच्या डोळ्यांत दिसला, पण त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले.

निवाडा पुढच्या महिन्यात आला. केशवरावांनी पहिल्या तक्रारीवर आयुष्यभराची हौस फेडून घेतली होती. निवाड्यात वऱ्हाडचा भूगोल होता, साक्षीच्या कायद्याचे तत्त्व होते, वांग्यांचा उल्लेख होता. शेवटी आदेश दोन होते. एक, अर्जदाराची प्रात्यक्षिक परीक्षा पुन्हा घ्यावी. दोन, यापुढे परीक्षकाने उमेदवाराच्या तोंडी विधानावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. प्रश्न आणि उत्तरे लेखीच असावीत.

विद्यापीठाने अशा वेळी जे करायचे असते ते केले: आदेशाचे अक्षरशः पालन. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात देवमनला बोलावणे आले. त्यात लिहिले होते, ‘तोंडी परीक्षा लेखी घेण्यात येईल.’

परीक्षक म्हणून पुन्हा बोडसच आले होते. दांडा टांगलेला होता. बोडसांनी नमस्काराला नुसती मान हलवली, एका चिठ्ठीवर ‘सुरू करावे’ असे लिहून ती देवमनसमोर ठेवली, आणि ते लांब स्टुलावर जाऊन बसले. देवमन मोजू लागला. मध्यंतरी बोडसांना खोकला आला, तो त्यांनी रुमालात दाबला. न जाणो त्यातून काही निष्कर्ष निघायचा. ते टेबलाच्या जवळपासही फिरकले नाहीत. अकोल्याला वांगी शिजायची वाट पाहावी लागली त्यापेक्षा बराच अधिक वेळ ते स्वस्थ बसून होते.

देवमनने सगळी निरीक्षणे घेतली, गणित केले, उत्तर काढले आणि पत्रिका नेऊन दिली. मग तोंडी परीक्षा झाली. दोघे समोरासमोर बसले होते, आणि खोलीत टाकांच्या कुरकुरीखेरीज आवाज नव्हता. बोडस लिहीत, ‘दांड्याची लांबी वाढवल्यास काय होईल?’ देवमन खाली उत्तर लिही. बोडस वाचून मान डोलावत आणि पुढची चिठ्ठी घेत. दारातून डोकावलेल्या शिपायाला वाटले, दोघांचे भांडण झाले आहे.

शेवटची चिठ्ठी बोडसांनी जरा वेळ लावून लिहिली. तीवर होते: ‘उमेदवारास उत्तीर्ण करीत आहे.’

देवमनने ती वाचली. पुन्हा वाचली. ‘करीत आहे’ म्हणजे केले, की अजून करणे चालू आहे? पुण्याच्या भाषेत याचा अर्थ नेमका काय होतो? तिवस्याची जागा या एका क्रियापदावर टांगलेली होती, आणि क्रियापदांचा त्याला आलेला अनुभव बरा नव्हता. त्याने खाली लिहिले: ‘म्हणजे झालो, की व्हायचा आहे?’

बोडसांनी ते वाचले. दाराकडे पाहिले, शिपाई गेला होता. मग त्यांनी टाक टेबलावर आपटला, निवाडा, विद्यापीठ आणि केशवराव या सर्वांचा अवमान करून ते स्पष्ट आवाजात ओरडले, “झालात हो! पास झालात! पूर्ण झालात! जा आता तिवस्याला!”

देवमनचे डोळे भरून आले. त्याने खाली वाकून त्यांना नमस्कार केला. मग त्यांचा टाक उचलून त्यांच्या हातात दिला, कोरी चिठ्ठी पुढे सरकवली आणि म्हणाला, “सर, एवढं लेखी द्या. तोंडी विधानावरून निष्कर्ष काढता येत नाही.”